ते 1.8 किलो चरबी नव्हती

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही, पत्र थोडं आटोपशीर करून देतेय.

"ताई, माझं वय 37. पाच महिने झाले लो कार्ब करतेय, म्हणजे भात, ब्रेड, साखर यांतली कर्बोदकं (कार्ब) कमी, दिवसाला 20 ग्रॅम कार्बच्या आत. 82 वरून सुरुवात केली, पहिल्या दहा दिवसांत 3 किलो गेले, तिसऱ्या महिन्याअखेर 74 आणि तेव्हापासून काटा हललेलाच नाही. केस मुठीने गळतायत, पाळी दोनदा लांबली, घरात सगळ्यांवर खेकसत असते. माझं खाणं असं: सकाळी काळी कॉफी, दुपारी दोन उकडलेली अंडी आणि काकडी, संध्याकाळी मूठभर बदाम, रात्री परतलेली भाजी आणि वर दोन स्लाइस चीज. माझ्या मैत्रिणीचे याच चार्टवर 15 किलो उतरले, ती म्हणते तू नक्की कुठेतरी चीट करतेस. खरंय तिचं. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री सगळे झोपले की फ्रीजसमोर उभी राहून हाताला लागेल ते खाते. मागच्या शनिवारी मुलीचा सहावा वाढदिवस झाला. तिने केकचा तुकडा माझ्या तोंडापुढे धरला आणि मी मान फिरवली. तिचा चेहरा एवढासा झाला. त्याच रात्री मी त्याच केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले आणि सकाळी काट्यावर 1.8 किलो जास्त. बाथरूममध्ये बसून रडले, पुढचे दोन दिवस काहीच खाल्लं नाही. माझ्यात जिद्दच नाही का? सोडून देऊ का हे सगळं? ता.क. सोमवारपासून नवरा पण माझ्याबरोबर सुरू करतोय, त्याला शुगरच्या गोळ्या चालू आहेत, चालेल ना?"

अगं, तू मला ताई म्हटलंस म्हणून मीही सरळ अगं-तुगंच करते. आणि तुझं पत्र मी शेवटाकडून वाचणार आहे, कारण तुझ्या त्या ता.क. मध्ये जे आहे ते थांबण्यासारखं नाही.

नवऱ्याला सोमवारी सुरू करू देऊ नकोस. कधीच करू नको असं म्हणत नाहीये, त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको असं म्हणतेय. शुगरच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग माणूस जेवलेला असो नाहीतर नसो, आणि त्यांचा डोस त्याच्या नेहमीच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. जेवणातले कार्ब एका दिवसात काढून टाकले आणि गोळी तीच ठेवली की शुगर धाडकन खाली येऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, आणि हे गाडी चालवताना झालं तर काय ते मी सांगायला नको. इन्सुलिनचं इंजेक्शन असेल तर तेच, जास्तच. दुसऱ्या एका प्रकारच्या गोळ्या आहेत, त्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या चालू असताना फार कडक लो कार्ब केलं तर चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनचं आम्ल रक्तात साठून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि यात फसवणूक अशी की मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतच नाही, त्यामुळे माणूस मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप हे सगळं अपचन समजून घरी बसतो. असं काही झालं तर मीटरवर काहीही दिसो, सरळ हॉस्पिटल. बीपीची गोळी असेल तर तीही डॉक्टरांना सांगायची, कारण कार्ब कमी केल्यावर शरीरातलं मीठ-पाणी जातं आणि बीपी उतरतं, मग उभं राहिल्यावर चक्कर येते.

घाबरवत नाहीये हं मी. टाइप 2 डायबेटिस असलेल्या पुष्कळ लोकांची शुगर कार्ब कमी केल्यावर खरंच चांगली खाली येते आणि डॉक्टर गोळ्या कमी करतात, काहींच्या तर काही गोळ्या बंदही होतात. पण आधी डोस ठरतो आणि मग ताट बदलतं. नवऱ्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्सचे फोटो काढ आणि या आठवड्यात त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता तुझ्याकडे येते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही, पण हे मी स्वतः जगलेय. माझं वय 41 होतं, एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, 6.1 आलं होतं, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, आणि घाबरून मी दुसऱ्या दिवसापासून भात, ब्रेड, बटाटा, साखर सगळं बंद केलं होतं. पहिल्या आठवड्यात पावणेतीन किलो उतरले. मला वाटलं आता काय, सहा महिन्यांत विशीतले कपडे. तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता पोटरीत असा गोळा आला की पलंगावरून खाली उतरून जमिनीवर पाय दाबत बसले, आणि तेव्हा कुठे मी हे नक्की काय होतंय ते वाचायला लागले. जे वाचलं ते कोणीतरी मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, म्हणून तुला सांगते.

आपलं शरीर कार्बचा थोडा साठा करून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, साधारण 100 ग्रॅम यकृतात आणि 400 ग्रॅमच्या आसपास स्नायूंमध्ये. आणि हा साठा कोरडा नसतो, प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब बंद केले की दोन-चार दिवसांत हा साठा उतरतो आणि त्याचं पाणीही जातं, झाले ना दीड-दोन किलो. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं जास्त मीठ सोडायला लागतात आणि मिठाच्या मागोमाग आणखी पाणी जातं. तुझे पहिल्या दहा दिवसांतले 3 किलो बहुतेक हेच होते. आता हाच हिशोब उलटा कर. वाढदिवसाच्या रात्री केक खाल्लास, समजा 150 ग्रॅम कार्ब पोटात गेले, ते रिकाम्या साठ्यात जाऊन बसले, सोबत साडेचारशे ग्रॅम पाणी घेऊन, त्यात दिवसभराच्या पार्टीतलं मीठ, त्या मिठाने धरलेलं पाणी, आणि खाल्लेलं अजून पोटातच आहे त्याचंही वजन काटा दाखवतोच. 1.8 किलो चरबी एका रात्रीत चढायला जवळपास 14,000 कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, कारण एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दोन तुकडे केकमध्ये तेवढ्या नसतात गं, अख्खा केक तू एकटीने संपवला असतास तरी नसत्या.

म्हणजे ज्या आकड्यावर तू बाथरूममध्ये बसून रडलीस तो आकडा पाण्याचा होता. आणि पहिल्या दहा दिवसांत ज्या आकड्याने तू हरखून गेली असशील तोही बराचसा पाण्याचाच होता. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त हे टोचलं, की पाणी गेलं तर तू स्वतःला शहाणी समजतेस आणि पाणी आलं तर नालायक. पाच महिने रोज सकाळी काट्यावर उभं राहून तू स्वतःची लायकी मोजतेयस आणि काट्याला त्यातलं काहीच माहीत नाही.

जिद्दीचं विचारलंस ना. तुझा दिवसाचा मेनू मी कागदावर मांडला. दोन अंडी म्हणजे दीडशेच्या आत कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, मूठभर बदाम 30 ग्रॅम धरले तर 170 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रोटीन, चीजच्या दोन स्लाइसचे फार तर 8-10 ग्रॅम, भाजी आणि तिचं तेल, सगळं ओढूनताणून 700 कॅलरीसुद्धा होत नाहीत आणि प्रोटीन 30 ग्रॅमच्या आसपास. 74 किलोच्या बाईला वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर किलोमागे सव्वा ग्रॅम तरी प्रोटीन हवं, म्हणजे नव्वदच्या आसपास, तू त्याच्या एक तृतीयांशावर आहेस. याला लो कार्ब म्हणत नाहीत, ही उपासमार आहे. चार्ट देणाऱ्याने काय काढायचं तेवढं सांगितलं आणि त्या जागी काय घालायचं ते सांगितलंच नाही, तू भात काढलास पण ताट भरलं नाहीस.

म्हणून रात्री फ्रीज उघडतेस. दिवसभर 700 कॅलरीवर ठेवलेलं कुठलंही शरीर रात्री अन्न शोधायला निघतं, झोपूच देत नाही, तिथे जिद्द कितीही असली तरी कामाला येत नाही. आणि काटा का अडला त्याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे, दिवसा पोट मारायचं, दोन-तीन रात्री ते भरून काढायचं, आठवड्याची बेरीज जवळपास तिथल्या तिथे, वर 8 किलोने हलकं झालेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी जाळतं, आणि ताण आणि कमी झोप यांनी पाणी धरलं जातं ते वेगळंच. यात चोरी काही नाहीये. चीटिंग हा शब्दच मला जेवणासाठी आवडत नाही, भूक लागलेल्या बाईने खाल्लं त्याला चीटिंग कसं म्हणायचं.

फक्त एक सांगते, पोट भरून जेवायला लागल्यावरही रात्रीचं ते खाणं थांबलं नाही, खाताना हात आवरतच नाही असं वाटत राहिलं, आणि नंतर शिक्षा म्हणून दोन-दोन दिवस उपाशी राहणं चालू राहिलं, तर या विषयातल्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे नक्की जा, लाज वाटून घेऊ नकोस. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आणि तोवर कुठलाच कडक डाएट नको, लो कार्बही नको, दुसरा कुठलाही नको.

केसांचं. मला पाचव्या महिन्यात सुरू झालं होतं, न्हाणीघराच्या जाळीवर रोज एक काळा गुंता, हाताने उचलून कागदात गुंडाळून टाकायचे म्हणजे घरात कोणाला दिसू नये. वजन झपाट्याने उतरलं किंवा प्रोटीन कमी पडलं की शरीर केसांना एकदमच विश्रांतीत ढकलतं आणि दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, म्हणून आपल्याला कारण आणि गळणं यांचा संबंध लागत नाही. टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात याला. मुळं शाबूत असतात, खाणं सुधारलं की गळणं साधारण सहा महिन्यांत थांबतं आणि बारीक बारीक नवे केस कपाळाशी उभे राहायला लागतात, माझे आले. पण सगळं डाएटवर ढकलून मोकळं होऊ नकोस, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी 12 तपासून घे, यातलं काही कमी असेल तर नुसतं जेवून केस थांबणार नाहीत.

पाळीचं त्याहून महत्त्वाचं. आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर, वजन कमी झाल्यावर कित्येक जणींची दिवसांची गणितं बदलतात, गृहीत धरू नकोस. ती निगेटिव्ह असेल तर बहुतेक तुझ्या शरीराला अन्न कमी पडतंय आणि ते सगळ्यात आधी पाळीवर काटकसर करतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव, आणि पाच महिने काय खाल्लंस ते खरं खरं सांग, मला लिहिलंस तसं.

रक्त तपासशीलच तर कोलेस्टेरॉलही बघ. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एका वर्षात 118 वरून 171 वर गेलं होतं. मी कॉफीत क्रीम, भाजीवर लोणी, येता-जाता चीज असं चालवलं होतं, कारण कार्ब नसलं की झालं असं डोक्यात बसलेलं. काही जणांचं एलडीएल लो कार्बवर हलतही नाही आणि काहींचं, त्यातही आधीच बारीक असलेल्यांचं, खूपच वाढतं, तपासल्याशिवाय आपण कुठल्यात ते कळत नाही. मी लोणी-क्रीम कमी करून तेल, दाणे, मासे यांच्यावर आले आणि ते खाली आलं. अजून एक, कडक लो कार्ब चालू असताना ग्लुकोज पिऊन करतात ती शुगरची टेस्ट करायची असेल तर आधीचे तीन दिवस रोज निदान 150 ग्रॅम कार्ब खाऊन जावं लागतं, नाहीतर रिपोर्ट उगाच वाईट येऊ शकतो.

आता ती मैत्रीण आणि तिचे 15 किलो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 लोकांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला होता, 2018 मध्ये छापून आला. अर्ध्यांना लो कार्ब, अर्ध्यांना लो फॅट, दोन्हीकडे साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, कॅलरी मोजू नका असंच सांगितलेलं. वर्षाअखेर लो फॅटवाल्यांचे सरासरी 5.3 किलो उतरले आणि लो कार्बवाल्यांचे 6.0, फरक म्हणावा असा नाहीच. पण सरासरीच्या आत बघितलं तर दोन्ही गटांत काहींचे 25 किलोच्या वर गेले होते आणि काहींचं वजन उलट वाढलं होतं. डाएट तोच, माणसं वेगळी. तेव्हा मैत्रिणीचा आकडा तिच्यापाशी राहू दे, तिला तो लखलाभ.

त्या अभ्यासातली मला अजून एक गोष्ट फार पटली. लोकांना सुरुवातीच्या आठ आठवड्यांत 20 ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितलं होतं, पण तिथेच राहा असं कोणी सांगितलं नव्हतं. तिथून हळूहळू वाढवत जा आणि जे आयुष्यभर पाळता येईल असं वाटतं तिथे थांबा, असं सांगितलं होतं. वर्षाअखेर लो कार्ब गटातली माणसं सरासरी 130 ग्रॅमच्या आसपास खात होती आणि तरी सहा किलो उतरलेले होते. तू पाच महिने 20 वरच उभी आहेस, जणू तो जिना नसून घर आहे. इतकं कडक खाणं 1921 पासून फिट्स येणाऱ्या मुलांसाठी उपचार म्हणून वापरतात, तेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून. तुला त्याची गरज आहे असं तुझ्या पत्रातलं एकही वाक्य मला सांगत नाही.

सोडून देऊ का विचारलंस. पद्धत सोडावी असं मला वाटत नाही, 20 चा आकडा सोड. काहींना कार्ब कमी केल्याने भूक खरंच शांत राहते, मला राहते, दुपारी चारला जी डोळ्यांपुढे झापड यायची ती गेली, शुगर खाली आली. हे फायदे 20 ला जसे मिळतात तसे 100 ला पण मिळू शकतात. मी शेवटी 100 ते 120 वर स्थिरावले. 11 किलो उतरले होते, त्यातले 3 परत आले, 8 गेले ते गेले, एचबीएवनसी 5.6. ते 3 किलो परत आले तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, पण त्या वर्षी मी घरातल्यांबरोबर एका टेबलावर बसून जेवले.

मग सुरुवात कुठून करायची तर प्रोटीनपासून. पहिले दोन आठवडे कार्ब आहेत तसे ठेव आणि नुसतं पोटभर जेव. सकाळची नुसती कॉफी बंद, दोन-तीन अंडी खा, एका अंड्यात 6 ग्रॅम प्रोटीन असतं, किंवा पाणी काढलेलं घट्ट दही, 200 ग्रॅममध्ये 18 च्या आसपास. दुपारी आणि रात्री तळहाताएवढा मासा किंवा चिकन, 100 ग्रॅम शिजलेल्या चिकन-माशात 25 ग्रॅमच्या जवळ असतं. खात नसशील तर दही, चीज, टोफू वाढव आणि डाळी-कडधान्यं जरा लवकर आण. भाजी दुप्पट. मीठ मुद्दाम कमी करू नकोस, बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तर, ते माझे पोटरीतले गोळे रोज एक वाटी खारट सूप प्यायला लागल्यावर आठवड्यात गेले होते. किडनीचा काही इतिहास असेल तर मात्र प्रोटीनही आणि मीठही डॉक्टरांना विचारूनच.

मग दर आठवड्याला रोजच्या हिशोबात 10-15 ग्रॅम कार्ब वाढवत जा. आधी कडधान्यं, शिजलेल्या एका कपात 40 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात पण त्यात पंधराएक ग्रॅम फायबर असतं आणि वर प्रोटीन मिळतं ते वेगळं, तू अर्ध्या कपाच्याही आतून सुरुवात कर. पोट साफ होत नाही हे तू लिहिलं नाहीस पण होत नसणारच, तेही सुटेल. मग फळ, एका सफरचंदात 25 ग्रॅम. मग भात, अर्धा कप शिजलेला म्हणजे 22 ग्रॅम, किंवा ब्रेडचा एक स्लाइस, 12 ते 15. सहा-सात आठवड्यांत तू नव्वद-शंभरच्या आसपास येशील. यातल्या एखाद्या आठवड्यात भूक एकदम चाळवते असं वाटलं तर तिथेच थांब, ती तुझी पातळी. तोंडाचा जो वास येत होता, गोडसर, नेलपेंट काढायच्या लिक्विडसारखा, आला असेल तर, तोही जाईल, ते अॅसिटोन असतं, कीटोनमधून येतं.

आणि नीट लक्षात ठेव, कार्ब वाढवल्यावर काटा एक-दीड किलो वर जाणार. नक्की जाणार. ते कुठून आलं ते तुला आता माहितीये. म्हणूनच सहा आठवडे काटा माळ्यावर टाक, नाहीतर नवऱ्याला कुठेतरी ठेवायला सांग. मोजायचंच असेल तर दोन आठवड्यांनी एकदा कंबर मोज, टेपने, बेंबीच्या रेषेत, सकाळी.

राहिली मुलगी. मी हे शेवटी ठेवलं कारण लिहिताना मलाच जड जातंय. माझ्या मुलाने एकदा शाळेतून कागदात गुंडाळून अर्धं बिस्किट आणलं होतं, माझ्यासाठी राखून ठेवलेलं, दप्तरात त्याचा चुरा झालेला, आणि मी म्हटलं मला नको, माझं डाएट आहे. तो काही बोलला नाही. नंतर कधी आणलं नाही त्याने. ते अर्धं बिस्किट फार तर 5 ग्रॅम कार्बचं असेल. सहा वर्षांच्या मुलांना डाएट कळत नाही, आपण दिलेलं आईने घेतलं नाही एवढंच कळतं. आणि मुली बघत असतात, आई काट्यावरून उतरते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते बघत असतात. तिच्यासमोर स्वतःला जाडी, घाण, चीट केलं असले शब्द वापरू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. केक अजून उरला असेल तर, किंवा नसेल तर पुढे कधी आणशील तेव्हा, दिवसाढवळ्या, टेबलावर, बशीत घेऊन, तिच्या शेजारी बसून एक तुकडा खा. तिला भरवू दे. आणि त्या रात्री नेहमीसारखं पूर्ण जेव, दुसऱ्या दिवशी पण नेहमीसारखं जेव, भरपाई वगैरे काही करायची नाही.

खेकसण्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही, दोन आठवडे पोटभर जेवलीस की बघ काय होतंय ते.

सहा आठवड्यांनी मला परत लिही. वजन नाही लिहिलंस तरी चालेल. नवऱ्याचे डॉक्टर काय म्हणाले, तुझं फेरिटिन आणि थायरॉइड किती आलं, पाळी आली का, आणि रात्री सलग झोप लागते का ते लिही.

तुझी ताई